९९ टक्क्यांवर अडकलेला सोमवार

सोमवार, सकाळचे साडेनऊ. माणकोली नाक्यावरच्या ट्रकांच्या रांगेतून बाईक काढत काढत एकदाचा गोदामाच्या ऑफिसात पोचलो, तर आमचा डिस्पॅचवाला कपाळाला हात लावून बसलेला. नवा लेबल प्रिंटर आलाय, त्याचं सॉफ्टवेअर टाकायला घेतलंय आणि ती हिरवी पट्टी ९९ टक्क्यांवर जाऊन ठाण मांडून बसलीय. बाहेर दोन टेम्पो लागलेले, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत, लेबलशिवाय माल हलत नाही.

‘अँटिव्हायरस बंद कर ना यार, दोन मिनिटांत होईल!’ मागून कोणीतरी सल्ला फेकला.

मंडळी, हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. म्हटलंही असेल. ऑफिसात, घरी, हॉस्टेलवर, रात्री अकरा वाजता शंभर जीबीचा नवा गेम टाकताना. मी मात्र जागेवरून ताडकन उठलो आणि डिस्पॅचवाल्याचा माऊस धरला. ‘थांब. चहा घेऊ या. होईल.’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. एरवी ऑफिसात सगळ्यात आधी चिडचिड करणारा प्राणी मी, आज एवढा शांत कसा?

सांगतो. पण आधी ती पट्टी अडकते का, ते बघू. गोदामात काम करतो, तेव्हा उदाहरणही गोदामाचंच घ्या. सेटअपची एक फाइल म्हणजे गेटवर आलेला एक सीलबंद कंटेनर. बाहेरून एकच दिसतो, आत हजारो खोके. काही खोक्यांच्या आत आणखी खोके, तेही घट्ट दाबून भरलेले. इन्स्टॉल म्हणजे हा सगळा माल उतरवून, उघडून, आपापल्या रॅकवर लावणं. अँटिव्हायरस म्हणजे गेटवरचा वॉचमन, आणि तोही नियमाला पक्का. कंटेनरची पावती बघून तो ‘जाऊ द्या’ म्हणत नाही. प्रत्येक खोका डिस्कवर ठेवला की तो हात आडवा करतो, उघडून बघतो, आपल्या यादीतल्या चोरांच्या फोटोंशी ताडून बघतो आणि मगच सोडतो. चेहरा ओळखीचा नसेल तर ‘थोडं चालून दाखव’ म्हणत त्याच्या हालचाली तपासतो, नाहीतर वरच्या ऑफिसला, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरला, फोन लावून विचारतो.

एका खोक्याला सेकंदाचा बारीकसा तुकडाच लागतो. पण खोके वीस हजार असले तर? म्हणूनच एक मोठी व्हिडिओ फाइल कॉपी होताना अँटिव्हायरसचा त्रास फारसा जाणवत नाही, पण बारक्या बारक्या फाइल्सचा गठ्ठा असलेला प्रोग्रॅम टाकताना जीव जातो. त्यातून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल आणि रॅम तुटपुंजी असेल, तर वॉचमन आणि हमाल दोघं एकाच दारात अडकतात. आणि काही महाभाग ‘डबल सेफ्टी’ म्हणून दोन-दोन अँटिव्हायरस ठेवतात. मग एकाने बंद केलेला खोका दुसरा उघडतो, दुसऱ्याने उघडला म्हणून पहिला पुन्हा तपासतो. चालू द्या!

म्हणजे तक्रार खरी आहे, मनाचे खेळ नाहीत. ऑस्ट्रियातली ‘एव्ही-कम्पॅरेटिव्हज्’ आणि जर्मनीतली ‘एव्ही-टेस्ट’ या संस्था अँटिव्हायरसची परीक्षा घेतात, तेव्हा किती व्हायरस पकडले एवढंच बघत नाहीत. प्रोग्रॅम इन्स्टॉल करताना मशीन किती मंदावलं, याचेही मार्क असतात. खुद्द मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये विंडोज ११ साठी ‘डेव्ह ड्राइव्ह’ आणला. प्रोग्रॅमर मंडळींसाठी वेगळा कप्पा, तिथे डिफेंडर आधी फाइल उघडू देतो आणि तपासणी मागाहून करतो. थोडक्यात, वॉचमनमुळे रांग लागते हे कंपनीनेही कबूल केलं. पण गंमत बघा, तिथेही वॉचमनला सुट्टी दिलेली नाही.

आता माझी गोष्ट. मे २००७. बारावीची परीक्षा संपली होती आणि मी सुट्टीला मामाकडे, भिवंडीत. मामाचे लूम. दिवसरात्र तो खटखटाट, लोडशेडिंग झालं की अचानक पसरणारी कान बधिर करणारी शांतता, आणि कारखान्याच्या कोपऱ्यात काचेची केबिन. केबिनमध्ये मामाचा कॉम्प्युटर, त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर आणि हळदीकुंकवाची बोटं. त्यात सगळा हिशेब. सुताची उधारी, कापडाच्या पार्ट्या आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणत्या कारागिराने किती मीटर कापड विणलं, त्याची नोंद. मजुरी मीटरवर. नोंद गेली की मजुरी गेली.

मी स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून पन्नास रुपयांना क्रिकेटच्या गेमची सीडी आणलेली. मामा जेवायला गेला आणि मी सीडी घातली. पट्टी सरकेना. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मध्येच अँटिव्हायरसने लाल खिडकी उघडून काहीतरी ओरडायला सुरुवात केली. सीडीत ‘क्रॅक’ नावाचा एक फोल्डर होता आणि सोबतच्या चिठ्ठीत स्वच्छ लिहिलेलं : आधी अँटिव्हायरस बंद करा. मला वाटलं, वा, किती काळजी घेतात बिचारे! केला बंद. गेम दोन मिनिटांत चालू. त्या दुपारी मी सेंच्युरी मारली.

दुसऱ्या दिवशी मशीन रडत-खडत चालू झालं आणि तिसऱ्या दिवशी चालूच होईना. दुरुस्तीवाला आला, दोन तास बसला, म्हणाला ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ नक्की कोणता व्हायरस होता ते आजतागायत कळलं नाही. हिशेब गेला एवढंच कळलं.

शनिवार मजुरीचा दिवस होता. लग्नसराई होती, दोन कारागिरांची त्याच रात्रीची गावाकडची तिकिटं काढलेली. एकाच्या बहिणीचं लग्न. केबिनबाहेर माणसं उभी, आत मामा शांत. मला ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो फक्त एवढंच म्हणाला, ‘अरे, तुझा खेळ झाला. आता ह्यांना काय सांगू?’

सोडवलं मेहताजींनी. कॉम्प्युटरवर त्यांचा पहिल्यापासून विश्वास नव्हता. त्यांच्या टेबलाच्या खणात एक लाल वही होती, आणि त्यात रोज संध्याकाळी ते ताक्यांचे आकडे पेन्सिलीने उतरवून ठेवत. आम्ही सगळे त्यांच्या त्या वहीला हसायचो. त्या शनिवारी रात्री साडेदहापर्यंत मेहताजी वाचत होते आणि मी कॅल्क्युलेटरवर बेरजा मारत होतो. दोघांची गाडी चुकली नाही. पार्ट्यांची उधारी मात्र वहीत नव्हती. ती जुळवायला मामाला दोन महिने लागले आणि सगळी जुळलीच असं नाही.

तुम्ही म्हणाल, ती फुटपाथवरची सीडी होती, आम्ही सगळं अधिकृत घेतो. उत्तम! पण मग २७ जून २०१७ ची गोष्ट ऐका. युक्रेनमध्ये ‘एमई-डॉक’ नावाचं हिशेबाचं, कर भरायचं सॉफ्टवेअर ऑफिसा-ऑफिसात वापरलं जायचं. त्याच्या अधिकृत अपडेटमध्येच कोणीतरी ‘नॉटपेट्या’ घुसडला. फुटपाथ नाही, क्रॅक नाही, कंपनीचा नेहमीचा अपडेट. तिथून तो जहाज कंपनी ‘मर्स्क’च्या नेटवर्कमध्ये शिरला आणि जगभरची त्यांची मशीन्स आडवी झाली. इकडे आपल्या शेजारी, न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं. कंटेनर कुठला, कोणाचा, हे सांगणारी यंत्रणाच गप्प. जेएनपीटीत उतरलेला कितीतरी माल आपल्या भिवंडीच्या गोदामांत येतो. तेव्हा युक्रेनमधला एक अपडेट आणि आपल्या दारातला ट्रक यांचं नातं आम्हा गोदामवाल्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

त्या हल्ल्याने भल्याभल्यांच्या अँटिव्हायरसला गुंगारा दिला, हेही खरंच. चोराचा फोटोच यादीत नसेल, तर वॉचमन तरी काय करणार? मर्स्कला दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. हा आकडा कंपनीच्या अध्यक्षांनीच जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितला. आणि त्यांना वाचवलं कोणी, माहितीये? घाना देशातल्या ऑफिसमधल्या एका सर्व्हरने. नेटवर्कमध्ये कोण कोण आहे, याची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरांपैकी तो एकटाच धडधाकट राहिला होता. कारण? हल्ला झाला तेव्हा तिथे वीज गेलेली! लोडशेडिंगला आयुष्यभर शिव्या घातलेल्या भिवंडीकराला ही गोष्ट सांगितली की तो आधी हसतो आणि मग विचारात पडतो. घानाचा तो सर्व्हर म्हणजे मर्स्कची लाल वहीच होती.

तर मग अँटिव्हायरस ठेवायचा कशाला? कारण सगळे चोर एवढे हुशार नसतात. बहुतेक चोर जुनेच, फोटो यादीत असलेले. अशांना अडवायला तो ठेवायचा. ही यादी बनवण्याच्या धंद्यात आपला मराठी माणूसही आहे, बरं का. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकला. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या मशीन्समध्ये सारखे व्हायरस सापडायला लागले, म्हणून त्याने ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ‘क्विक हील’ आलं आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात उतरली. दुरुस्तीच्या दुकानातून निघालेली गोष्ट आहे ही. फॉरमॅट मारून हिशेब गमावलेली गिऱ्हाइकं त्या माणसांनी समोरासमोर बघितली असणार.

आता कामाचं बोलू. पट्टी अडकली तर काय करायचं?

एक, मशीनवर अँटिव्हायरस एकच ठेवा. विंडोजसोबत येणारा डिफेंडर असेल आणि तुम्ही दुसरा टाकलात, तर डिफेंडर सहसा आपणहून बाजूला होतो. पण जुन्या, मुदत संपलेल्या तिसऱ्याचे अवशेष पडलेले असतील तर ते नीट काढून टाका.

दोन, पूर्ण स्कॅन चालू असताना मोठं इन्स्टॉल करायला घेऊ नका. स्कॅनची वेळ जेवणाच्या सुट्टीत लावा. विंडोजचं अपडेट अर्धवट लटकलेलं असेल तर आधी रीस्टार्ट. ब्राउझरच्या त्या चाळीस खिडक्या बंद केल्यात तर अर्धा त्रास तिथेच संपेल.

तीन, सेटअप मूळ कंपनीच्या साइटवरूनच घ्या. शंका असेल तर ती फाइल ‘व्हायरसटोटल’वर टाकून बघा, तिथे एकाच वेळी डझनावारी अँटिव्हायरस ती तपासतात. ऑफिसची खासगी कागदपत्रं मात्र तिथे चढवू नका.

चार, अधिकृतपणे घेतलेला गेम खेळताना अडखळत असेल, तर अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये फक्त त्या गेमचा फोल्डर वगळता येतो. फक्त तोच. ‘डाउनलोड्स’, ‘टेम्प’ किंवा अख्खा सी ड्राइव्ह वगळणं म्हणजे मागचं शटर उघडं टाकून पुढच्या दाराला कुलूप लावणं. आणि ‘गेम मोड’ असेल तर तो लावा. त्याने खिडक्या उघडणं आणि ठरलेले स्कॅन तेवढे थांबतात, पहारा सहसा चालूच राहतो.

पाच, ऑफिसच्या मशीनवर यातलं काहीही स्वतः करू नका. आयटीवाल्याला फोन करा. तो वैतागेल. वैतागू द्या.

आणि सहा, जो सेटअप स्वतःच सांगतो की ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’, त्यापासून चार हात लांब राहा. ‘वॉचमनला घरी पाठवा, मग मी आत येतो,’ असं म्हणणाऱ्या पाहुण्याला तुम्ही घरात घ्याल का?

शेवटचं म्हणजे लाल वही. आठवड्यातून एकदा महत्त्वाच्या फाइल्स वेगळ्या हार्ड डिस्कवर काढा आणि काढून झाल्यावर तिची वायर उपटून ठेवा. वायर लावलेली राहिली, तर मशीनबरोबर तीही जाते.

असो. परवा सोमवारी आम्ही चहा प्यायलो, टेम्पोवाल्या दोघांनाही पाजला. पट्टी ९९ वरून १०० वर जायला एकूण अकरा मिनिटं लागली. पहिलं लेबल सरसर बाहेर आलं, डिस्पॅचवाल्याने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला आणि टेम्पो हलले.

मामाचे लूम आता मामेभाऊ बघतो. हिशेब क्लाउडवर, मजुरी थेट खात्यात. मेहताजी कधीच रिटायर झाले. गेल्या दिवाळीला गेलो तेव्हा केबिनमध्ये सहज टेबलाचा खण उघडून बघितला. आत नवी कोरी लाल वही होती आणि पहिल्या पानावर मामेभावाच्या अक्षरात, पेन्सिलीने, आदल्या संध्याकाळचे ताके लिहिलेले होते.