शाळेतले अंडे वर्गणीवर का?

नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळेच्या जेवणात आठवड्यास एक अंडे देऊ केले. जानेवारी 2025 मध्ये त्याचा पैसा बंद केला. म्हणे, गावाने वर्गणी काढून द्यावे! अहो, जेथे वर्गणी निघते तेथील पोरे घरीही अंडे खातात. उपाशी वाडीने कोणापुढे पदर पसरावा? मद्रासेत ब्राह्मणेतर पुढारी त्यागराय चेट्टी यांनी 1920 साली नगरपालिकेच्या शाळेत पोरांना खाणे सुरू करविले. आज त्या तामिळ मुलखात आठवड्यास पाच अंडी मिळतात. ज्यास अंडे चालत नाही त्यास केळे द्यावे, तंटा कशाला? सरकारने सकस जेवणाची सक्ती जरूर करावी, पण पैसाही स्वतः मोजावा. कुणबी-कुंभार बंधूंनो, शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. येत्या सभेत तसा ठराव मांडा.