म्हातारपणाची ठेव

बँकेत मुदत ठेवीच्या पावत्यांवर सह्या करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. उतारवयासाठी पैसा साठवायला आपल्या माणसांना शिकवावे लागत नाही. पण तो पैसा उपभोगायला जे शरीर लागते, त्याची काळजी कोण करतो?

मी तरी काय वेगळे केले? पन्नाशीत कोलेस्टेरॉल वाढल्याचे कळताच घाबरून शेंगदाणे, तीळ, खोबरे सरसकट बंद केले. चार वाजताच्या चहाबरोबरची खारी मात्र चालूच! वनस्पती तूप त्या पापुद्र्यांत दडले होते आणि हद्दपारी बिचाऱ्या शेंगदाण्याच्या नशिबी आली. या तुपातल्या ट्रान्स फॅटवर आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा आली, ती २०२२ साली.

हार्वर्डच्या संशोधकांनी परिचारिका आणि इतर आरोग्य व्यावसायिक मिळून १,०५,०१५ जणांच्या आहाराचा ३० वर्षांपर्यंत मागोवा घेतला. निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या आजाराविना, शाबूत बुद्धीने आणि धडधाकट अंगाने सत्तरी गाठणारे निघाले अवघे ९.३ टक्के! भाज्या, फळे, अख्खी धान्ये, कडधान्ये, दाणे आणि असंतृप्त स्निग्धांश ज्यांच्या ताटात अधिक, त्यांना ही संधी अधिक लाभली. निव्वळ पाहणीने कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरे. पण स्पेनमध्ये ७,४४७ जणांवर झालेल्या प्रयोगातही ऑलिव्ह तेल किंवा अक्रोड-बदाम घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात मिळून कमी आढळले.

म्हणून लगेच महागड्या बाटल्या आणायला धावू नये. जवस, तीळ, कारळे, शेंगदाणे आपल्याच मातीतले आहेत. ज्वारीची भाकरी, पातळ पालेभाजी, मटकीची उसळ आणि चमचाभर जवसाची चटणी यात कमी काय आहे? मात्र मीठ बेताचे हवे आणि तेलही मोजूनच. चांगले तेल म्हणजे तळणाचा परवाना नव्हे.

आणखी एक गोष्ट. आपल्या घरांत बाई अजूनही शेवटी जेवते. तोवर भाजीचे पातेले रिकामे झालेले असते. ती लोणच्याशी पोळी खाऊन उठते. म्हातारपण तिलाही येणारच आहे. आज रविवार आहे, घरातली सगळी माणसे घरी आहेत. निदान आज तरी सर्वांनी एकदमच पानावर बसावे आणि भाजी आधी तिला वाढावी.