पोचलेला ड्रम आणि आपली बोली



महावीर जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या मंडळाचा एक साइड ड्रम पडला. वजिराबादकडे वळताना रथ थांबला, मागून गर्दीचा रेटा आला आणि नववीतल्या एका मुलीच्या पट्ट्याचा हुक निसटून ड्रम थेट दुभाजकावर आपटला. पान फाटलं नाही. पण पत्र्याला खालच्या बाजूला मुठीएवढा पोचा पडला, कडं वाकलं आणि खालच्या तारा एकीकडून उचलल्या गेल्या. वाजवला की रिकामा तेलाचा डबा बडवल्यासारखा आवाज.

पुढच्या बैठकीत पाच मिनिटांत निकाल लागला. नवा घ्यायचा. एका दात्याने तिथेच रक्कम बोलली, ड्रमवर त्यांच्या आईचं नाव घालायचं एवढंच त्यांचं म्हणणं. जुना भंगारात. मी एकटी ‘थांबा’ म्हणाले. का, ते त्या वेळी धड सांगता आलं नाही. घरी येऊन भांडी घासताना सुचलं, म्हणून इथे लिहितेय.

पाठशाळेत आपण बाह्य परिग्रहाचे दहा भेद पाठ केले आहेत. क्षेत्र, वास्तु, हिरण्य, सुवर्ण अशी सुरुवात होते आणि शेवट कुप्य, भांड असा. भांड म्हणजे आपली भांडीकुंडी. घरात आपण त्याचं परिमाण ठरवतो, निदान ठरवल्यासारखं करतो. मंडळाच्या वस्तूंना मात्र कुणीच परिमाण घातलेलं नाही. दानातून आलं की ते परिग्रहात मोजायचंच नाही, असा आपला सोयीचा समज आहे. आमच्या कपाटात चार पितळी समया आहेत, त्यातल्या दोन फक्त डुगडुगतात म्हणून बाजूला पडल्यात. तीन घंटांचे लोलक निघालेत. प्रत्येकीवर कुणाच्या तरी स्मरणार्थ नाव आहे. नव्या वस्तूला बोली लागते, जुनीचा लोलक बसवायला बोली लागत नाही. माझा आक्षेप इथेच आहे.

धातू काही आभाळातून पडत नाही. खाण खणायची, भट्टी पेटवायची, पत्रा लाटायचा. पृथ्वीकाय आणि अग्निकाय जीवांची विराधना यात किती होते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. गृहस्थाला आरंभी आणि उद्योगी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे मान्य. पण हाताशी असलेला पत्रा सरळ होत असेल तर नवा का मागवायचा?

सरळ होतो का, हा खरा प्रश्न होता. म्हणून मी ड्रम घरी आणला.

आधी तो आहे काय ते पाहिलं. आपले तांबे-पितळेचे हंडे जसे असतात, तसाच हा एक पत्र्याचा गोल आहे. वर-खाली दोन पानं, ती ताणायला दोन कडी आणि कडी आवळायला भोवताली 8 लांब स्क्रू. खालच्या पानाला टेकून बारीक गुंडाळलेल्या स्टीलच्या तारांची पट्टी असते. वर काठी पडली की आतली हवा खालचं पान हलवते आणि ते पान तारांवर थडथडतं. तो ‘टर्रर्र’ आवाज तिथून येतो. तारा पानाला सारख्या टेकल्या नाहीत तर तो जातो. म्हणजे आवाज ‘गेला’ नव्हता, तारा फक्त नीट टेकत नव्हत्या.

स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत गेले. एकाच बाजूचे आधी काढले तर उरलेल्या बाजूवर ताण येऊन कडं आणखी वाकतं. पानं निघाल्यावर आतून टेपने चार दिशांनी मोजलं. सगळीकडे माप सारखं भरायला हवं, पोच्याच्या दिशेने दोन सूत कमी भरलं. मग दिवे मालवून ड्रम ग्रॅनाइटच्या ओट्यावर उभा ठेवला, आत मोबाइलचा टॉर्च लावला आणि काठाखालून कुठे उजेड झिरपतो ते पाहिलं. एकाच जागी, तीन बोटं रुंद फट. बाकी काठ शाबूत. वरचा चकचकीत मुलामा पोच्यापाशी उडाला होता आणि आतून पिवळं दिसत होतं. पितळ! मग मला धीर आला. पितळ म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली ओळखीची धातू, आणि पितळेचे पोचे काढणारी माणसं अजून आहेत.

इतवाऱ्याकडे एक चाचा बसतात. पूर्वी कल्हई करायचे, आता लोकांकडे कल्हईची भांडीच उरली नाहीत म्हणून कुकरची झाकणं आणि हंड्यांचे पोचे काढतात. त्यांनी ड्रम हातात फिरवला, नखाने टिचकी मारून ऐकला आणि म्हणाले, “बेटी, तडा नहीं है. निकल जाएगा.”

मी बसून पाहिलं. बाहेरून वाळूची घट्ट पिशवी टेकवली, आतून लाकडी हातोडा. पोच्याच्या मधोमध एकही घाव नाही. कडेकडेने, हलके, गोल फिरत आत यायचं. लोखंडी हातोडा का नाही, विचारलं. त्याने पत्रा दबून पातळ होतो, पसरतो आणि मग फुगवटा येतो, तो कधीच बसत नाही. तासाभराने पोचा जवळजवळ दिसेनासा झाला तेव्हा त्यांनी हात थांबवला. थोडी लहर उरली होती. मी म्हटलं, अजून चार ठोके मारा ना. त्यांनी मान हलवली. पितळ ठोकून ठोकून कडक होतं आणि शेवटी चिरतं. ते पुन्हा मऊ करायचं तर तापवावं लागतं, आणि तापवलं की राहिलेला मुलामाही जातो. वाजण्यासाठी काठ सपाट आणि गोल हवा, अंग आरशासारखं नको. वाकलेलं कडं त्यांनी फरशीवर ठेवून दोन लाकडांच्या मध्ये दाबत सरळ केलं. काठाची कूस बारीक पॉलिश कागदाने घासून घेतली, नाहीतर तीच पान कापते.

साडेतीनशे रुपये झाले. नव्याचा भाव आम्हाला अडीच हजार सांगितला होता.

प्रत्येक ड्रम असा वाचतो असं मी म्हणणार नाही. पत्र्याला काठातून आत तडा गेला असेल, किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा चुरगळला असेल, तर त्यात पैसे घालू नयेत. मग त्याची कडी, स्क्रू, तारा काढून ठेवाव्यात, दुसऱ्या ड्रमला लागतात. पण आधी उघडून बघावं तरी! आमच्या बैठकीत कुणी त्याला हातही लावला नव्हता.

आता चामड्याचं. हा विषय निघाला की आपण अभिमानाने सांगतो, “आमची पानं प्लास्टिकची आहेत.” खरंच आहेत. एके काळी या ड्रमला वासराचं कातडं लागायचं आणि खालच्या तारासुद्धा जनावराच्या आतड्याच्या असत. 1957 च्या सुमारास अमेरिकेत पॉलिस्टरची पानं बाजारात आली आणि हळूहळू जगभर तीच झाली. पावसात ती सैलावत नाहीत, हे बँडवाल्यांचं कारण होतं. अहिंसा कुणाच्या डोक्यात नव्हती, आपल्याला ती आयती मिळाली. पण ड्रम उलगडून ओट्यावर ठेवला तेव्हा माझं लक्ष गळ्यातल्या पट्ट्याकडे गेलं. चामडं! कमरेचा पट्टा आणि पाकीट बाहेर काढून ठेवल्याशिवाय आपण पुरुषांना गाभाऱ्यात सोडत नाही, आणि मुलींच्या गळ्यात इतकी वर्षं हा पट्टा घालून त्यांना पालखीपुढे चालवतोय. नवा ड्रम आणला असता तर पट्टाही नवा आला असता, कशाचा ते कुणी विचारलं नसतं. मी खाटेची निवार दुहेरी शिवून पट्टा केला आणि हुकाच्या जागी बंद कडी बसवली. मुळात हुक उघडा होता म्हणूनच ड्रम पडला होता.

(भक्तीसंध्येतल्या तबल्याचं काय, असं एकीने लगेच विचारलं. त्यावर बकऱ्याचं कातडं असतं, हे खरं आहे. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. पण निवारीचा पट्टा शिवायला त्या उत्तरासाठी थांबायची गरज नव्हती.)

दात्यांशी मी स्वतः बोलले. बैठकीत वाद घालण्यापेक्षा ते बरं. त्यांना म्हटलं, काका, समवसरणाच्या अष्टप्रातिहार्यांत देवदुंदुभी आहे, पण ती कुणी दिली त्याचं नाव त्यावर घातलेलं कुठे ऐकलंय का? ते हसले. मग म्हणाले, पण आईच्या नावाने काही तरी व्हायला हवं. त्यात चूक काहीच नाही, ती त्यांची माया आहे. मी सुचवलं की आईंच्या नावाने दुरुस्तीची रक्कम ठेवा. वर्षभर जे मोडेल ते त्यातून नीट होईल. पाटी नाही, पण हिशेबाच्या वहीत नाव राहील. त्यांनी विचार करतो म्हटलंय. अजून होकार नाही, तेही सांगून टाकते.

ज्या मुलीच्या हातून ड्रम पडला, ती त्या दिवसापासून सरावाला येत नव्हती. कुणी रागावलं नव्हतं, पण “जयंतीच्याच दिवशी पडला” असं दोघी-तिघी तिच्यासमोर बोलल्या होत्या. तेवढं पुरतं. बैठकीत ड्रमची किंमत काढली, तिच्याबद्दल कुणी बोललं नाही. मीही नाही.

मागच्या रविवारी तिच्या आईला फोन केला, ड्रम जोडायला मदत हवी म्हणून तिला पाठवा. आली. गप्प गप्प होती. भरतकामाची रिंग एका बाजूने आवळली की कापड कसं सुरकुततं, ते दाखवलं आणि चावी तिच्या हातात दिली. एक स्क्रू अर्धा फेरा, मग समोरचा, मग आडवा. प्रत्येक स्क्रूपाशी काठीने हलकं टोकून सूर सारखा आहे का ते तिनेच ऐकलं, माझा कान त्या कामाचा नाही. शेवटी खालच्या तारा मधोमध बसवल्या, खटका वर केला आणि ती म्हणाली, “काकू, वाजवू?” दुपारचे अडीच वाजले होते, शेजारचे झोपलेले. वाजव म्हटलं.