संसार कशाच्या बळावर टिकतो?

दसरा-दिवाळी आटोपली की जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतील कित्येक वस्त्या ओस पडू लागतात. ऊसतोडणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. मुकादम तेथे माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. आणि एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीवर मिळते. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून वाहते. जोडी फुटली तर उचल फिटायची कशी? अशी दोन माणसे वर्षानुवर्षे एकत्र राहतात तेव्हा त्यांना धरून ठेवणारे नेमके काय असते? प्रेम, सवय, लेकरे, की मुकादमाची वही?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरिल रुसबुल्ट यांनी १९८० च्या सुमारास या प्रश्नाला एक विचारपूर्ण उत्तर दिले. त्यांच्या मते बांधिलकी तीन गोष्टींवर उभी असते: सहवासातील समाधान, बाहेर उपलब्ध असलेले पर्याय आणि आजवर केलेली गुंतवणूक. समाधान व गुंतवणूक जितकी अधिक आणि पर्याय जितके दुबळे, तितकी बांधिलकी घट्ट. २००३ मध्ये ले व ॲग्न्यू या संशोधकांनी ५२ अभ्यास एकत्र तपासले. माणसामाणसांच्या बांधिलकीतील सुमारे दोन तृतीयांश फरक या तीन घटकांनी उलगडतो, असे त्यांना आढळले. त्यांतही समाधानाचा वाटा सर्वांत मोठा होता. अर्थात हे अभ्यास बव्हंशी पाश्चात्त्य समाजातले. आपल्याकडे ठरवून झालेल्या विवाहात क्रमच उलटा असतो. दोन घरांची गुंतवणूक आधी होते, समाधान मागाहून आले तर येते.

गुंतवणूक म्हणजे काय, हे जालन्याच्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. मोसंबीच्या झाडाला चांगले फळ धरायला चार-पाच वर्षे जातात. २०१२-१३ च्या दुष्काळात कित्येकांनी टँकरचे पाणी विकत घेऊन बागा जगवल्या. कित्येकांना त्या तोडाव्या लागल्या. पाणी घालणाऱ्याचा हिशेब केवळ पुढच्या बहराचा नव्हता, आधी जिरवलेल्या घामाचाही होता. संसारातही तसेच घडते. गेलेली वर्षे, मुलांची शिक्षणे, उभारलेले घर, जोडलेले सोयरे हे सारे सोडून जाताना हातून निसटते, म्हणून पाय अडखळतो.

परंतु माणूस केवळ स्वतःचाच हिशेब करतो असे नाही. समांथा जोएल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की, जोडीदाराला आपली फार गरज आहे असे वाटणारी माणसे स्वतः असमाधानी असूनही नाते सहसा तोडत नाहीत. या राहण्यात परोपकार आहे, आणि थोडा धोकाही.

धोका अशासाठी की टिकणे आणि नांदणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुसबुल्ट व मार्ट्झ यांनी १९९५ मध्ये मारहाणीमुळे आश्रयगृहात आलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे आर्थिक पर्याय तोकडे आणि नात्यातील गुंतवणूक मोठी, त्यांच्या ठायी मारणाऱ्याविषयीची बांधिलकी अधिक दिसली. आणि ज्यांची बांधिलकी अधिक, त्या त्याच्याकडे परत जाण्याची शक्यताही अधिक होती. बाहेरून पाहणाऱ्याला यात निष्ठा दिसेल. प्रत्यक्षात दुसरी वाटच नव्हती.

‘सहन कर बाई, विवाह अविभाज्य आहे’ हा सल्ला आपल्या धर्मग्रामांत अजूनही ऐकू येतो. त्यातील उत्तरार्ध खरा आहे. परंतु पूर्वार्ध त्यातून निघत नाही. ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेचे ११५३ वे कलम जोडीदार वा मुले यांच्या शरीराला अथवा आत्म्याला गंभीर धोका असल्यास विभक्त राहण्याची मुभा देते. विवाहबंध त्याने तुटत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात तर असे विभक्त होणे कधीकधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते, असे म्हटले. शिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने पत्नीला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे.

तेव्हा जोडीच्या मजुरीतला आपला वाटा स्त्रीच्या स्वतःच्या बँक खात्यात पडतो की नाही, हा केवळ अर्थशास्त्राचा प्रश्न उरत नाही. हाती पैसा आणि निघायला वाट असूनही ती थांबली, तर ते थांबणे तिचे स्वतःचे असेल. विवाहपूर्व मार्गदर्शनात हा विषय घ्यायला हवा. अडचण एवढीच की टोळ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात आणि लग्नसराईही तेव्हाच सुरू होते. मार्गदर्शनाला मधले चार-सहा आठवडे मिळाले तरी पुष्कळ.