पदवीधराला फौंड्रीत पाठवा, पण काम ठरवून

पदवीधरांना सरकारी मदतीने कारखान्यात पाठवण्याची गोष्ट निघाली की तीन आक्षेप ठरलेले. कामगार संघटनेतला माणूस म्हणतो, ही स्वस्त मजुरीची सोय. कारखानदार म्हणतो, ही पोरं टिकत नाहीत. आणि कोल्हापूरचा जुना मेस्त्री म्हणतो, आम्हाला डिग्री नको, हात पाहिजे. पहिला आक्षेप सगळ्यांत जड, म्हणून तो आधी घेऊ.

तो खोटा नाही. चाकण-रांजणगाव पट्ट्यात ‘नीम ट्रेनी’ म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्याला अधिक सांगायला नको. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2013 मध्ये आणलेल्या त्या योजनेतली मुले एजन्सीमार्फत येत, लाइनवर कायम कामगारांच्या शेजारी तेच काम करत, आणि मुदत संपली की त्यांच्या जागी नवी तुकडी उभी राही. ती योजना गुंडाळली गेली हे बरेच झाले. राज्याच्या 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10,000 रुपये ठरले. मुदत आधी सहा महिने, मग वाढवून अकरा. त्यातली बरीच मुले ग्रामपंचायतीत, शाळेत, सरकारी कचेरीत बसली आणि मुदत सरताना ‘कायम करा’ म्हणून आंदोलनाला उतरली. त्यांना दोष कोण देणार? कचेरीतल्या कामाचा अनुभव कचेरीबाहेर कुणी विचारत नाही.

मात्र म्हणून पदवीधराला कारखान्यापासून दूर ठेवा, हा निष्कर्ष यातून निघत नाही. या योजनांत किती जागा भरल्या एवढेच मोजले गेले. त्या जागी बसून मुलाने नेमके काय करायचे हे कुणी लिहूनच ठेवले नव्हते. काम ठरलेले नसले की रिकाम्या माणसाला मालक हाताला लागेल ते काम देतो, म्हणजे लाइनवर उभा करतो नाहीतर डिस्पॅचचे रजिस्टर देतो.

काम ठरवणे म्हणजे काय, ते पाहायला कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या मध्यम फौंड्रीची कल्पना करा. ट्रॅक्टर-मोटारींचे भाग ओतले जातात. समजा, शंभरातली सात-आठ कास्टिंगे रिजेक्ट होतात. मालकाला हे माहीत असते, मेस्त्रीला कारणाचाही अंदाज असतो: ‘वाळू ओली लागली.’ पण पिनहोल, म्हणजे कास्टिंगमधली बारीक वायुछिद्रे, कोणत्या पाळीत वाढतात, त्या दिवशी वाळूत ओलावा किती होता, भट्टीतून साच्यापर्यंत येताना धातूचे तापमान किती उतरले, गंजके भंगार किती पडले, हे आकडे एका कागदावर कधी येतच नाहीत. वाळूचे रीडिंग लॅबच्या वहीत, तापमान भट्टीवाल्याच्या डोक्यात आणि रिजेक्शन फेटलिंगच्या रजिस्टरात. धातुशास्त्राचा पदवीधर इथे पहिले काही महिने नुसते हे आकडे हीटनिहाय जुळवत बसला तरी पुष्कळ झाले. मग गेटिंग बदलून पाहता येते, रायझरचे माप सिम्युलेशनवर तपासता येते. इंडक्शन भट्टीत टनभर लोखंड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट वीज लागते, आणि नाकारलेले कास्टिंग पुन्हा वितळवायचे म्हणजे ती दुसऱ्यांदा जाळायची. स्पर्धाक्षमता म्हणून भाषणांत जी चीज सांगितली जाते ती अशा ठिकाणी मिळते किंवा हातची जाते.

दुसरे उदाहरण कागदांचे. नवा भाग मंजूर करण्याआधी मोटार कंपनी पीपीएपीची, म्हणजे भाग-मंजुरीच्या पुराव्यांची, फाइल मागते. त्यात कंट्रोल प्लॅन, संभाव्य बिघाडांचे विश्लेषण (एफएमईए), मोजमापे. अनेक छोट्या कारखान्यांत ती सल्लागार येऊन भरून देतो. कंट्रोल प्लॅनमध्ये दर तासाला लिहिलेली तपासणी प्रत्यक्षात ऑडिटच्या आदल्या आठवड्यात सुरू होते. (ज्यांनी तो आठवडा काढला आहे ते इथे हसतील.) ती फाइल खरी करणे हेच एका पदवीधराचे वर्षभराचे काम आहे.

आता कारखानदाराचा आक्षेप. पोरं टिकत नाहीत, कबूल. पण नव्या सुपरवायझरला देऊ धजणार नाही इतके कमी मानधन द्यायचे, शिकवायचे काही नाही, आणि वर निष्ठेची अपेक्षा करायची, हे कसे? यावरची तोड ब्रिटनमध्ये दिसते. तिथे 1975 मध्ये ‘टीचिंग कंपनी स्कीम’ सुरू झाली. कल्पना घेतली होती वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांवरून. पदवीधर साधारण दोन वर्षे कंपनीत राहायचा, ठरलेल्या प्रकल्पावर, विद्यापीठाचा प्राध्यापक आणि कंपनीचा अधिकारी अशा दोघांच्या देखरेखीखाली. 2003 मध्ये तिची जागा नव्या नावाच्या योजनेने घेतली, पण घडण तीच राहिली. दोन वर्षांनी मुलगा निघून गेला तरी बसवलेली पद्धत कारखान्यातच राहते.

मेस्त्रींशी वाद घालताना जीभ जपून वापरावी लागते. कोल्हापूरचा इंजिन-फौंड्रीचा धंदा म्हादबा मेस्त्रींसारख्यांच्या हातांनी उभा राहिला, तिथे पदवीचा तोरा मिरवणे शोभत नाही. पण किर्लोस्करवाडी उभी करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर त्याआधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकच होते ना? शिवाय मेस्त्री आता साठीकडे झुकले आहेत, आणि नुसत्या रंगावरून धातू ओळखणारी त्यांची नजर उतरवून घ्यायला शेजारी शिकलेला माणूस लागेलच. आयटीआयचा मुलगा हवाच, हेही मान्य. त्याची जागा पदवीधराने घ्यावी असे कुणी म्हणत नाही.

यासाठी नवा कायदा नको, तो आहेच. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात 1973 मध्ये अभियांत्रिकी पदवीधर आले. 2019 च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले, पदवीधराचे किमान मानधन 9,000 रुपये ठरवले, आणि त्यातला निम्मा वाटा केंद्र उचलते. यात दोन वर्षांची मुदत, लेखी प्रकल्प आणि आठवड्यातून एकदा फौंड्रीत येणारा प्राध्यापक एवढी भर घालावी. प्रकल्प लिहून दिला नाही तर उमेदवार मिळणार नाही, ही अट मात्र सैल करू नये. नाहीतर पुन्हा ‘नीम’. प्राध्यापकाच्या त्या फेऱ्या बढतीत शोधनिबंधाइतक्याच धराव्यात. अंतराची सबब कोल्हापुरात तरी चालणार नाही: केआयटी अभियांत्रिकी महाविद्यालय गोकुळ शिरगावात आहे आणि गोकुळ शिरगावची एमआयडीसीही तिथेच.