जुना ट्रक घेताना घराचा हिशेब

जुना ट्रक घ्यावा का, असे विचारायला तरुण आमच्याकडे वरचेवर येतात. कोणी वडिलांच्या फंडाचे पैसे घालणार असतो, कोणी पत्नीचे दागिने मोडणार असतो. स्वतःचा धंदा करण्याची जिद्द चांगलीच आहे. परंतु ट्रक केवढ्याला मिळेल हे जो तो विचारतो. तो चालता ठेवायला काय लागेल, हे फार थोडे विचारतात. आज त्याविषयीच लिहीत आहोत.

प्रथम गाडीची पाहणी. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलेले इंजिन पाहू नये. सकाळी थंड गाडी सुरू करायला लावावी व आपल्या ओळखीचा मिस्त्री सोबत न्यावा. धूर पुष्कळ काही सांगतो. काळा धूर म्हणजे नोझल, डिझेल पंप किंवा तुंबलेला एअर फिल्टर. हा खर्च आटोक्यात राहू शकतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, रिंग-पिस्टन-लायनर झिजले आहेत. ऑइलचे झाकण उघडल्यावर आतून धुराचे भपकारे येत असतील तरी तेच समजावे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, किंवा ऑइल दुधाळ दिसले, तर हेड गॅस्केटमधून पाणी आत जात असण्याची शंका घ्यावी. मग इंजिन खोलावेच लागते.

त्यानंतर खालची बाजू. ट्रक एका अंगाला झुकलेला असेल तर कमानपाटे तपासावेत. पुढचे टायर एकाच कडेने झिजले असतील तर किंगपिन, बेअरिंग आणि अलाइनमेंट पाहावे. चासीवर वेल्डिंगचे डाग किंवा ताजा रंग दिसला तर कारण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर चालवून काही कळत नाही. भरलेली गाडी चढावर न्यावी. इंजिन ओरडते पण गाडी वेग घेत नाही, तर क्लचप्लेट गेली आहे. उतारावर गिअर आपोआप सुटत असेल किंवा ब्रेकचा हवेचा दाब टिकत नसेल, तर ती गाडी किती स्वस्त आहे हा प्रश्नच उरत नाही. तेथे ड्रायव्हरच्या जिवाशी गाठ आहे.

कागदही तितकेच महत्त्वाचे. गाडीवर कर्जाचा बोजा, थकलेला कर किंवा न भरलेले ई-चलन आहे का, हे पाहून घ्यावे. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करून घ्यावे लागते. म्हणजे पासिंगसाठी दरसाल काही काम निघणार, हे धरूनच चालावे.

आता हिशेब. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत; आपल्या गावचे दर घालून प्रत्येकाने ते पुन्हा मांडावेत. समजा सहा टायरचा जुना ट्रक महिन्याला ४,००० किलोमीटर धावतो आणि भाड्याचे १,४०,००० रुपये येतात. लिटरला ५ किलोमीटर धरले तर ८०० लिटर डिझेल लागेल. ९० रुपये दराने ७२,००० रुपये. ड्रायव्हर-क्लिनरचे २८,०००, टोल व हमालीचे १०,००० आणि कर्जाचा हप्ता १४,०००. एकूण १,२४,००० रुपये. शिल्लक राहिले १६,०००. घरातील मंडळींना हाच नफा वाटतो व तो खर्च होतो.

पण सहा टायर २०,००० रुपयांप्रमाणे १,२०,००० रुपयांचे झाले आणि ते ६०,००० किलोमीटर चालले, तर नुसत्या टायरचाच खर्च किलोमीटरला २ रुपये पडतो. क्लच, ब्रेक लायनर, पाटे, बॅटरी आणि पुढेमागे निघणारे इंजिनाचे काम यांसाठी आणखी २ रुपये धरा. ४,००० किलोमीटरचे झाले १६,००० रुपये. म्हणजे शिल्लक शून्य! विमा आणि कर तर अजून धरलेलेच नाहीत. वाणिज्य शाखेत आम्ही ज्याला घसारा म्हणून शिकलो, तो असा रोज रस्त्यावर सांडत असतो. टायरचे पैसे आपण स्वयंपाकघरात खात असतो आणि टायर फुटला की सावकाराच्या दारात जातो. शिवाय गाडी गॅरेजात उभी असली तरी हप्ता उभा राहत नाही.

मग ट्रक घेऊच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. मालक स्वतः चालवत असेल तर ड्रायव्हरचा पगार घरात राहतो. जुन्या गाडीत खरी कमाई बहुधा तीच असते. सगळे पैसे खरेदीत घालू नयेत. निदान एका इंजिनकामाची रक्कम वेगळी राखावी. तेवढी उरत नसेल तर लहान गाडी पाहावी. किलोमीटरमागे ठरलेली रक्कम प्रत्येक फेरीनंतर वेगळ्या खात्यात टाकावी. हे खाते पत्नीने सांभाळावे व वहीत किलोमीटर, डिझेल, दुरुस्ती लिहावी. ऑइल वेळेवर बदलावे, ग्रीसिंग चुकवू नये. रेडिएटरची गळती किंवा सैल फॅनबेल्ट आज दुर्लक्षिला, तर इंजिन तापून हेड वाकते आणि किरकोळ काम हजारोंवर जाते.

दागिने मोडण्यापूर्वी एक संध्याकाळ नवरा-बायकोने कागद-पेन्सिल घेऊन बसावे. घसारा वजा करूनही घराला काही उरत असेल, तरच इसार द्यावा.