धोटा टांगला, विणकर कुठे गेला?

मुंबईतल्या एका बंद गिरणीच्या आवारात आता मॉल आहे आणि मॉलमध्ये एक 'कम्युनिटी आर्ट गॅलरी'. विषय होता गिरणगावाच्या आठवणी, म्हणून आशेने गेलो. माझे दादा मदनपुऱ्यातून रोज गिरणीच्या साचाखात्यात कामाला जात.

आत एका कलाकाराने शेकडो धोटे छताला टांगले होते. खाली लोक सेल्फी काढत होते. भिंतीवर गिरणगावाचा नकाशा होता. त्यात लालबाग, परळ, वरळी होती, मदनपुरा नव्हता. तिथल्या तरुण संयोजिकेला विचारलं. ती अदबीने म्हणाली, "सर, तुमच्या कम्युनिटीसाठी रमजानमध्ये फूड वॉक ठेवलाय."

म्हणजे इतरांच्या वाट्याला घाम आणि संप, आमच्या वाट्याला कबाब!

उत्तर भारतातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर मदनपुऱ्यात वसले आणि त्यांनी मुंबईच्या गिरण्यांत कापड विणलं. गिरणगाव ज्यांच्या आवाजाने पेटून उठायचं ते शाहीर अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. ही आठवण 'लोकल' नाही तर काय आहे?

आणि वगळलेले आम्ही एकटेच नाही. त्या धोट्यातून धाग्याचं टोक विणकर तोंडाने ओढून घेत. विटाळ होईल म्हणून दलितांना साचाखात्यात काम मिळत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला होता. गॅलरीतल्या पाटीवर याचा एक शब्द नाही. धोटा लखलखीत, त्यावरची थुंकी आणि जात दोन्ही पुसलेली.

कला म्हणजे जनगणना नव्हे, असं कुणी म्हणेल. मान्य. कलाकाराने त्याला दिसेल ते करावं. पण दारावर 'कम्युनिटी' लिहिलं की हिशोब द्यावाच लागतो.

आणि हे जमू शकतं. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनची डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती १९६६ मध्ये गोऱ्यांसाठी राखीव ठरवली गेली. पुढे साठ हजारांहून अधिक लोकांना तिथून उठवलं. १९९४ मध्ये त्यांच्या आठवणींचं संग्रहालय उघडलं तेव्हा वस्तीचा मोठा नकाशा जमिनीवर अंथरला गेला. आपलं घर कुठे होतं ते उठवलेल्या लोकांनी स्वतःच्या हाताने त्यावर लिहिलं.

दोष आपलाही आहे. दादांचं गिरणीचं कार्ड आम्हीच रद्दीत घातलं. मोहल्ल्यात मुशायरे झाले, जलसे झाले. साचेवाल्या म्हाताऱ्यांजवळ बसून त्यांची हकिकत कुणी लिहून घेतली नाही. आता त्यातले थोडेच उरलेत.

म्हणून गॅलरीवाल्यांना एवढंच सांगणं: तो नकाशा भिंतीवरून उतरवा, मदनपुऱ्यात आणा आणि पेन आमच्या हातात द्या. जमत नसेल तर दारावरचा 'कम्युनिटी' हा शब्द पुसून टाका. मॉलला तेवढीच पाटी शोभेल.